पाण्याचा वार

आमच्याकडं पाण्याला वार असतो.
म्हणजे नसतो. पाचव्या दिवशी येतं ते,
आणि पाचवा दिवस कुठल्याही वारी पडतो,
पहाटे तीनला पडतो, लग्नाच्या दिवशी पडतो.
कन्ना चौकाकडनं हाक सरकत येते,
"नीळ्ळु वच्चिनै!"
आणि साखर पेठेत सगळ्या बादल्या एकदम जाग्या होतात.

अंबादासचं पत्र आलं तेव्हा मी पिंप धूत होते.
ओल्या हातात त्यानं कागद दिला नाही,
वाचून दाखवला.
प्लांट ऑपरेटर. बेटावर. समुद्राचं पाणी गोडं करायचं.
दोन खोल्यांचं क्वार्टर, कुटुंबासह,
कोचीहून पुढं जहाज.
अकरा वर्षं त्यानं अक्कलकोट रोडच्या डाइंगमध्ये
लाल, जांभळं, मोरपंखी पाणी
बिनरंगी करण्यात घालवली.
आता एकच रंग, निळा, म्हणाला
आणि स्वतःच हसला.

सासऱ्यांना मागांनी बहिरं केलंय.
त्यांच्या कानाशी तीनदा ओरडले, बेट! बेट! बेट!
भिंतीपलीकडं शबाना मुलाणीलाही कळलं.
त्यांना मात्र वाटलं, व्याही आलेत,
नणंदेच्या सासरचं आडनाव बेट.
उठून सदरा शोधायला लागले.
मग समजल्यावर एकच विचारलं,
"तिथं किती दिवसाआड?"

भार्गव म्हणाला, बेट म्हणजे काय बे?
बहिणीनं सांगितलं, सिद्धेश्वराच्या देवळासारखं.
चारी बाजूंनी पाणी.
"मग पूल असंल की."
पूल नाही म्हटल्यावर
तो जरा वेळ गप्प बसला.

नोकरी त्याची नवी.
माझी जुनी कुणी हिशेबात धरली नाही,
मीही नाही, शेवटच्या शनिवारपर्यंत.
चौदा वर्षं टॉवेलच्या कडा मारल्या.
ते कुठल्या कुठल्या हॉटेलांत गेले,
कुठल्या किनाऱ्यावर कुणी अंग पुसलं,
आम्हाला फक्त डझन ठाऊक.
पगार मोजताना सुवर्णा कोंडा म्हणाली,
"तिथं काय करशील गं?"
बघू, म्हणाले.
मशीनच्या पाटीवर माझ्या मनगटानं
रंग गेलेला असेल, असं वाटलं होतं.
वाकून बघितलं. नव्हता गेला.

माणशी किती वजन, ते जहाजवाल्यांनी कळवलंय.
शेंगाचटणी दोन किलो.
कडक भाकरीची एक चवड, वर्तमानपत्रात, वर सुतळी.
पोरांचे दाखले, प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर अजून एक पिशवी.
चादर नको, तिथं थंडीच नाही.
तरी एक घेतली.
मिक्सर राहिला.
आणि पिंपं. पाच, निळी, दोनशे लिटरची.
तिथं लागणार नाहीत, तो म्हणतो,
नळ सोडला की पाणी.
हे मला ऐकायला येतं,
खरं वाटत नाही.

सासरे नणंदेकडं राहतील, विडी घरकुलात.
"तेही बेटच की," म्हणाले.
आणि भार्गव फार मागं लागला तेव्हा,
"मला समुद्र ऐकू येणार नाही रे,
उगाच भाडं कशाला?"

आम्ही निघणार गुरुवारी दुपारी.
पाणी आलं बुधवारी रात्री, पावणेदोनला.
हाक आली आणि मी उठले,
पदर खोचला, पाईप लावला.
एक भरलं. दुसरं भरलं.
तिसऱ्याला अंबादास दारात येऊन उभा राहिला.
"राजेश्वरी, कुणासाठी?"
मला माहीत नव्हतं.
पाईप मात्र चौथ्यात टाकला.

तो बघत राहिला थोडा वेळ,
मग पाचवं पिंप भिंतीपासनं ओढलं,
आत वाकून तळ घासला,
गदळ पाणी गटारीत ओतलं
आणि माझ्यापुढं आणून ठेवलं.
शेजारी शबाना कुणाला तरी उठवत होती.
पाण्याला जोर होता त्या रात्री.
असा फार नसतो.